पाहुणी म्हणून जा, जेवूनच ये

प्रिय मावशी,

मी 29 वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली. गेले नऊ महिने दक्षिण कोरियात देजॉनला पोस्टडॉक करतेय. एका छोट्या इमारतीत एक खोली भाड्यानं घेतली आहे. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, पंचाहत्तरीच्या, एकट्याच. मी त्यांना हाल्मोनी म्हणते, म्हणजे आजी. जानेवारीत मी तापानं पडले होते तेव्हा त्यांनी तीन दिवस भोपळ्याची पेज करून आणली. त्या त्यांच्या चर्चमध्ये क्वन्सा, म्हणजे मानाच्या ज्येष्ठ सेविका, आहेत. रविवारी माझ्याबरोबर चल, असं त्यांनी चारदा म्हटलं. चारही वेळा मी 'लॅबमध्ये काम आहे' असं खोटं सांगितलं. आता पाचव्यांदा विचारलंय. उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, जेवायला तरी ये, म्हणाल्या.

आमचं घर वारकरी. बाबांच्या गळ्यात माळ आहे, आम्ही अंडंही खात नाही. माझं कोरियन म्हणजे दुकानातून सामान आणण्यापुरतं. तिथे सगळे प्रार्थना करतील तेव्हा मी काय करायचं? धर्म बदल म्हणून मागे लागतील का? जेवणात काय खायचं? आईला सांगू का? आणि खरं सांगू का, शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत माझ्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. मला देवासाठी नाही, माणसांसाठी जावंसं वाटतंय. असं जाणं म्हणजे त्या लोकांची फसवणूकच ना?

– देजॉनहून एक वाचक

प्रिय मुली,

शेवटचा प्रश्न तू घाईघाईत, जाता जाता विचारल्यासारखा लिहिलायस. पण सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे असं मला वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते. माणसांच्या ओढीनं चर्चला जाणं ही फसवणूक नाही. काही लपवाछपवी झाली असेल तर ती त्या चार रविवारी, काम आहे सांगून खोलीत बसून राहिलीस तेव्हा. ती निस्तरायला फार काही लागत नाही. या शनिवारी खाली जा आणि हाल्मोनींना दोन गोष्टी सांग. एक, 'चोनन हिंदुग्यो शिंजायेयो', मी हिंदू आहे. दुसरी, मी येणार आहे, पण पाहुणी म्हणून. पाहुण्याला कोरियनमध्ये 'सोन्निम' म्हणतात. 'ओनुरुन सोन्निमुरो वास्सोयो', आज मी पाहुणी म्हणून आले आहे, हे वाक्य तोंडपाठ करून ठेव. रविवारी ते तुला दोन-तीनदा तरी लागेल.

हे मी एवढ्या आग्रहानं का सांगते, त्याला कारण आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी कोरियातच, सुवॉनला, नऊ वर्षं राहिले. आमच्या मजल्यावरची शेजारीण पहिल्याच महिन्यात मला तिच्या चर्चला घेऊन गेली. भाषा येत नव्हती आणि नाही म्हणायची भीड पडायची. समोरची बाई काहीही बोलली की मी मान हलवून 'ने, ने' म्हणायची. 'ने' म्हणजे हो. कोरियन माणूस फोनवर 'ने, ने' करतो तेव्हा त्याला 'ऐकतोय, बोला' एवढंच म्हणायचं असतं. पण कुणी हातात अर्ज धरून विचारलं आणि तुम्ही 'ने' म्हणालात, तर तो होकारच. तिसऱ्या रविवारी मला कळलं की नव्यानं विश्वास धरलेल्यांच्या चार आठवड्यांच्या वर्गात माझं नाव लागलंय, आणि एक वयस्क बाई माझ्यासाठी स्वतःच्या पैशानं पुस्तक घेऊन आल्यात. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला, तो मला अजून दिसतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. होकार मीच दिला होता, तीन आठवडे, मान हलवून हलवून.

त्यानंतर महिनाभर मी लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा केली, शेजारीण भेटू नये म्हणून. आमचा नववा मजला. शेवटी एका संध्याकाळी तीच दारात आली, नाशपातीच्या फोडी कापलेली ताटली हातात घेऊन. वर्ग नको तर नको, जेवायला येत जा, म्हणाली. पुढची आठ वर्षं मी त्या चर्चला अधूनमधून जात राहिले. पाहुणी म्हणूनच. मी कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणाला कसली वाट बघावी लागली नाही आणि मलाही जिना चढावा लागला नाही.

आता त्या जेवणाविषयी. तू ते उपासनेला लावलेलं शेपूट समजू नकोस. आपल्याकडे जसं 'जेवलात का?' विचारतात, तसं तिकडे 'बाप मोगोस्सोयो?' विचारतात, हे तू रोज ऐकत असशीलच. 'बाप' म्हणजे भात, आणि भात म्हणजेच जेवण. हाल्मोनी पंचाहत्तरीच्या, म्हणजे 1950 च्या जूनमध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं त्याच्या आसपासचा त्यांचा जन्म. 1953 च्या जुलैमध्ये शस्त्रसंधी झाली तोवर उत्तरेकडचे लाखो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेत आले होते. ओळखीचं माणूस भेटण्याची, काही खायला मिळण्याची जागा म्हणजे अनेकांसाठी चर्चच. सोलमधलं योंगनाक चर्च तर उत्तरेतून आलेल्या निर्वासितांनीच 1945 मध्ये उभं केलेलं. तुझ्या देजॉनचंच उदाहरण घे. सोंगशिमदांग बेकरीपुढच्या रांगेत तू उभी राहिली असशील. उत्तरेतून आलेल्या एका कुटुंबानं 1956 मध्ये देजॉन स्टेशनसमोर वाफवलेले पाव विकायला सुरुवात केली, तिथून ती बेकरी झाली. आणि पहिलं पीठ मिळालं ते तिथल्या कॅथलिक चर्चकडून, दोन पोती.

देश सोडून गेलेल्या कोरियन माणसांनीही हेच केलं. उसाच्या मळ्यांवर काम करायला निघालेले शंभरएक कोरियन लोक 13 जानेवारी 1903 ला 'गेलिक' नावाच्या बोटीनं हवाईला उतरले. त्यातले बरेच जण इंचॉनच्या एका मेथडिस्ट चर्चमधले होते, आणि वर्ष संपायच्या आत होनोलुलूत त्यांची उपासना सुरू झाली होती. आजही अमेरिकेतल्या कोरियन चर्चमध्ये गेलीस तर रविवारी दुपारी तळघरातून भाताच्या वाफेचा वास येतो. आठवडाभर परक्या भाषेत वावरलेली माणसं त्या टेबलांवर मनसोक्त बोलून घेतात. तेव्हा एकटेपणा घालवायला आलेल्या माणसाकडे त्या पंगतीत कुणी नवलानं बघणार नाही. त्यांच्या आज्या-पणज्याही थोड्याफार त्याचसाठी येत होत्या.

जायच्या आधी एक चौकशी मात्र कर: चर्चचं नाव. हाल्मोनी ते सहज सांगतील, त्यांच्या घरी भिंतीवर चर्चचं कॅलेंडरसुद्धा असेल. हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे नाही. विद्यापीठांच्या आसपास काही गट परदेशी मुलींना गाठतात. भाषा शिकवतो, मानसशास्त्राची चाचणी घेतो, असं म्हणून बोलावतात आणि आपण कुठल्या पंथाचे ते महिनोन्‌महिने लपवून ठेवतात. तिथली नेहमीची चर्चसुद्धा त्यांच्यापासून सावध राहा अशा पाट्या दारावर लावतात. जो नाव सांगत नाही त्याच्याकडे जेवायला जाऊ नये, एवढं पक्कं धर.

आणि हाल्मोनींना शनिवारीच विचारून ठेव की प्रवचन बायबलमधल्या कुठल्या अध्यायावर आहे. तो अध्याय आदल्या रात्री मोबाइलवर मराठीत वाच. या एका गोष्टीनं माझे कितीतरी रविवार सोपे झाले. चर्चमधली कोरियन दुकानातल्या कोरियनपेक्षा फार वेगळी, जुन्या वळणाची आणि आदरार्थी असते. प्रार्थनेतली वाक्यं 'चुशिओप्सोसो' अशी संपतात, 'द्यावे' असं काहीसं. ती तुला कळणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण गोष्ट आधी माहीत असली की माणसांची नावं कानावर पडतात, 'हानानिम' म्हणजे देव हे कळतं, आणि तासभर नुसतं बसून राहिल्यासारखं वाटत नाही. तुला हांगुल वाचता येतंच. 1887 मध्ये जॉन रॉस आणि त्याच्या कोरियन सहकाऱ्यांनी नवा करार छापला तो याच लिपीत. तेव्हा शिकलेले पुरुष चिनी अक्षरांत लिहायचे आणि हांगुल बायकामुलांची लिपी म्हणून खालची समजली जायची. त्या पुस्तकासाठी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका अक्षरं शिकल्या. आपल्या पंडिता रमाबाईंनीही कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून बायबल साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. पडद्यावर गाण्याचे शब्द येतील ते तू मनात वाचत राहा. तुझा वाचनाचा वेग महिन्याभरात वाढेल.

उपासना बहुधा 11 वाजता सुरू होते आणि सव्वा तासात आटोपते. दारात घडीचा कागद देतात, 'चूबो'. त्यात कार्यक्रमाचा क्रम असतो. हाल्मोनींच्या शेजारी बस, पण कडेची जागा माग. सगळे उभे राहिले की उभी राहा, बसले की बस. दुसऱ्याच्या घरी आरती चालू असताना आपण पाय पसरून बसत नाही, तेवढंच हे. तोंडानं मात्र जे तुझं नाही ते म्हणू नकोस. सगळे मिळून श्रद्धेची घोषणा म्हणतात तेव्हा गप्प उभी राहा. 'आमेन'ची घाई नको. लोक प्रवचनाच्या मध्येच मोठ्यानं 'आमेन' म्हणतील, त्यानं बावरून जाऊ नकोस. भाकरी आणि द्राक्षरसाचे छोटे पेले फिरले तर तो प्रसाद नव्हे. बाप्तिस्मा झालेल्यांनीच तो घ्यायचा असतो. किंचित मान झुकवून तबक पुढे सरकव. आपल्याला कुणी काही दिलं तर नाही म्हणू नये, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की हात आपोआप पुढे जातो. माझा गेला होता. शेजारणीनं हळूच मनगट धरलं.

दानाची पाकिटं असतात. टाकावंसं वाटलं तर पाच हजार वॉन टाक, नाही टाकलंस तरी कुणी बघत नाही.

एक गोष्ट आधी सांगायलाच हवी, नाहीतर तू घाबरशील. प्रवचन झाल्यावर कधीकधी पाळक म्हणतात, चला, सगळे मिळून प्रार्थना करू. मग सगळं सभागृह एकदम ओरडतं, 'जुयो!', म्हणजे हे प्रभू, तेही तीनदा. आणि त्यानंतर प्रत्येक जण आपापली प्रार्थना मोठ्यानं, एकाच वेळी करायला लागतो. याला 'थोंगसोंग गिदो' म्हणतात. दोनशे माणसं, दोनशे वेगवेगळी गाऱ्हाणी. कुणी छातीवर हात मारतंय, कुणी रडतंय, पेटीच्या दोन पट्ट्या धरून ठेवल्यासारखा पियानो मागे वाजत राहतो. आठवडाभर भाजीच्या दुकानात शांतपणे सुटे पैसे देणारा माणूस तुझ्या पुढच्या रांगेत हुंदके देताना दिसेल. ही रीत 1907 मध्ये प्योंगयांगला ख्रिस्ती लोकांत जी मोठी धार्मिक जागृती झाली तेव्हापासून तिथे रुजली. दोनच वर्षं आधी, 1905 मध्ये, आपल्या दौंडजवळच्या केडगावात रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या मुलीही अशाच एकदम, मोठ्या आवाजात प्रार्थना करत होत्या. त्यामुळे हे अगदीच परकं आहे असं समजू नकोस. कीर्तन रंगात आलं की आपल्याकडे लोक भान हरपून नाचतात, ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस.

त्या पाच-सात मिनिटांत तू काय करायचं? डोळे मिट, हात मांडीवर ठेव आणि बस. मनात कुणाचं नाव घ्यायचं ते तुझं तू ठरव. आणि एक. त्या आवाजात तुलाही रडू येईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. नऊ महिने साठलेलं आहे. येऊ दे. शेजारची बाई न बघता हातात कागदी रुमाल ठेवेल. पण नंतर कुणी प्रेमानं म्हणालं की देवानं तुला स्पर्श केला, तर 'ने' म्हणू नकोस. 'ओम्मा सेंगाक नास्सोयो', आईची आठवण आली, असं सांग. तेच खरं असेल, आणि ते ऐकून त्या बाया तुला जवळ घेतील.

शेवटी नव्या माणसाला उभं करतात, टाळ्या वाजवतात, बहुतेक एक गाणंही म्हणतात. कमरेत वाकून नमस्कार कर. एक कार्ड पुढे येईल. नाव लिही, फोन नंबर आणि पत्त्याचे रकाने मोकळे सोड आणि पाठ केलेलं वाक्य म्हण. त्यामागे कपट नसतं. नवीन माणसाची विचारपूस करणं, घरी जाऊन भेटणं हे त्यांच्याकडे काम म्हणून वाटून दिलेलं असतं, ते मनापासून करतात. पण तुझा नंबर त्या वाटपात जायला नको.

आता पान. तू अंडंही खात नाहीस, तेव्हा हे नीट वाच. 'मांस खात नाही' एवढं सांगितलंस तर तुझ्यापुढे आनंदानं मासा ठेवतील, कारण 'गोगी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गाय, डुक्कर, कोंबडी येते. म्हणून सांगायचं असं: 'गोगीहागो सेंगसोन आन मोगोयो', मांस आणि मासे दोन्ही खात नाही. त्याला जोडून 'ग्येरान्दो', अंडंही. तेवढ्यानंही भागत नाही. किमचीत, म्हणजे मुरवलेल्या तिखट कोबीत, बहुधा 'चोत्काल' असतं, म्हणजे खारवलेली कोळंबी किंवा माशांचा मुरवलेला रस. रश्शाचं पाणी वाळवलेल्या 'म्योल्ची' नावाच्या बारीक मासळीचं काढलेलं असतं, मग वर तरंगताना फक्त मुळा आणि टोफू दिसो. लग्नकार्यातल्या त्या पांढऱ्या शेवयांच्या रश्शातही तेच. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, असेल तर अंडं काढून देतील, पण वरची लाल मिरचीची चटणी, गोचुजांग, कधीकधी खिमा घालून परतलेली असते, ते विचारून घे. मग उरलं काय? भात. मोड आलेल्या सोयाबीनची आणि पालकाची भाजी, तीही विचारून. भाजलेला समुद्री पाला, गिम. फळं. सणाच्या दिवशी तांदळाचे तोक. सकाळी घरून पोटभर खाऊन निघ, म्हणजे ताटाकडे भुकेनं बघावं लागणार नाही.

हे सगळं शनिवारीच हाल्मोनींना सांग, पंगतीत बसल्यावर नव्हे. आयत्या वेळी नकार दिला की वाढणारी बाई कानकोंडी होते, हे तुझ्या आईला विचार. आधी कळलं तर त्या तुझ्यासाठी फोडणी न घालता, नुसतं तिळाचं तेल आणि मीठ लावून पालक बाजूला काढून ठेवतील. हाल्मोनींचा स्वभाव तुझ्या पत्रातून कळला तेवढ्यावरून हे मी लिहून देते.

आणि तू रिकाम्या हातानं जाऊ नकोस. बटाट्याची सुकी भाजी कर. बटाटा, 'कामजा', त्यांच्या रोजच्या जेवणातला आहे, त्यामुळे कुणी दचकणार नाही. मोहरी, हळद, थोडी हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर. कोथिंबीर घालू नकोस, खूप जणांना तिचा वास सोसत नाही, हिंगही नको. गार झाली तरी चालते. सगळ्या चर्चला पुरवायची नाही, तुमच्या टेबलावरच्या सहा-सात जणींना दोन-दोन घास मिळाले की झालं. पिवळा रंग बघून एकमेकींना हाका मारतील, चव घेऊन नाव विचारतील. तुझ्या ताटात खाण्यासारखं एक होईल, आणि तुलाही कुणाला तरी वाढता येईल. नऊ महिने तू फक्त घेते आहेस, माझ्या मते तुला त्याचाही भार झालाय.

टेबलावरच्या रिती थोड्याच आहेत. सगळ्यांत मोठ्यानं चमचा उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही. भात चमच्यानं खायचा, वाटी टेबलावरून उचलायची नाही. भातात चमचा किंवा चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण पितरांसाठी वाढलेल्या भातात चमचा तसा खोचतात. कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं. नाक शिंकरायला बाहेर जायचं. बस, एवढंच.

जेवण झालं की पळ काढू नकोस. स्टीलचं ताट स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीशी ने आणि तिथेच उभी राहा. आत बाया कोपरापर्यंतचे गुलाबी रबरी हातमोजे घालून भांडी घासत असतात. एकजण उरलेली किमची कात्रीनं कापून डब्यात भरत असते. मी धुऊ का म्हणून विचार. नको म्हणतील. पुन्हा विचार. तिसऱ्यांदा हातमोजे देतील. माझी कोरियन शाळेत नाही, त्या मोरीपाशी सुधारली. भांडी घासताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून चुकीचं बोलायची लाज वाटत नाही, आणि प्रश्नही सोपे असतात: आई काय करते, भाऊ किती, लग्न कधी. शेवटच्या प्रश्नाला हसून सोडून दे. मग कुणीतरी कागदी पेल्यात मिक्स कॉफीची पुडी ओतेल, गरम पाणी घालेल, आणि त्याच रिकाम्या पुडीची घडी करून कॉफी ढवळून तुझ्या हातात देईल. तू ज्यासाठी जाते आहेस ते तुला तिथे मिळेल.

निघायची वेळ आधीच ठरव. दुपारी पुन्हा एक उपासना किंवा गटांच्या बैठका असतात. दीड वाजता मी निघणार, असं सकाळीच सांगून टाक.

धर्म बदलण्याचं विचारलंस. तू ख्रिस्ती व्हावंस असं हाल्मोनींना वाटत असणार, हे धरून चाल. ज्याला त्या आयुष्यातलं सगळ्यांत मोलाचं मानतात ते तुला द्यावंसं वाटणं हे त्यांच्या मायेतच आलं. त्या रोज पहाटे पाचच्या प्रार्थनेला जात असतील तर तुझं नावही घेत असतील. तो त्यांचा हक्क आहे. तुझा हक्क नाही म्हणण्याचा, आणि तो त्यांना कळेल. कोरियात बहुतेक प्रोटेस्टंट लोक पितरांच्या पूजेत, 'चेसा'त, लोटांगण घालत नाहीत. त्यावरून घराघरांत, सासरी-माहेरी किती ताण झालेत ते हाल्मोनींच्या वयाच्या बायकांना सांगायला नको. सगळं घर वाकलेलं असताना आदरानं, पण ताठ उभं राहणं काय असतं, ते त्यांनी भोगलेलं असू शकतं. शिवाय 2015 च्या जनगणनेत तिथल्या 56 टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं सांगितलं, प्रोटेस्टंट 20 टक्क्यांच्या आसपास निघाले. विश्वास न ठेवणाऱ्या माणसांत राहायची त्यांना सवय आहे. एकदा स्पष्ट सांग, दुसऱ्यांदा विचारलं तर त्याच शब्दांत सांग. तिसऱ्या-चौथ्या वेळीही कुणी मागे लागलं, किंवा नाही म्हटल्यावर जिव्हाळा आटला, तर जाणं थांबव, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण एका उत्साही बाईवरून सगळ्यांना जोखू नकोस.

आईला सांग. रविवारनंतर नाही, आधी. ही चर्चची मंडळी भारी फोटो काढतात आणि गटात टाकतात. तो फोटो फिरत फिरत सांगलीला पोचला आणि मग तू खुलासे करत बसलीस, असं व्हायला नको. फोन बाबा घरात असताना कर. सुरुवात चर्चपासून करू नकोस, जानेवारीतल्या त्या पेजेपासून कर. तापाचं तू घरी सांगितलंच नसशील, असा माझा अंदाज आहे. बाबा वारीला जात असतील तर वाटेवरच्या गावांत अनोळखी घरांनी वाढलेली भाजी-भाकरी त्यांनी खाल्ली आहे, कुठल्याशा माउलीनं गरम पाण्यानं पाय शेकून दिलेत. त्यांना हाल्मोनी लगेच कळतील. आईला कदाचित आठवडा लागेल. लागू दे. माळ तुझ्या बाबांच्या गळ्यात आहे, ती एका पंगतीनं तुटत नाही, हे तू सांगण्यापेक्षा त्यांनीच आईला सांगितलेलं बरं.

आणि आता उठून स्वयंपाकाच्या ओट्याखाली बघ. पेजेचे, किमचीचे, कापलेल्या फळांचे हाल्मोनींचे किती डबे तुझ्याकडे साठलेत? संकोचानं परत केले नसशील. रिकामं भांडं परत देऊ नये हे तू घरी शिकली आहेस, आणि हाल्मोनीही तेच शिकल्यात. त्यातला घट्ट झाकणाचा एक निवड, बटाट्याची भाजी त्यात भर. बाकीचे धुऊन, पुसून शनिवारीच खाली नेऊन दे, प्रत्येकात एक-एक संत्रं ठेवून.

– तुझी मावशी